रुक्मिणीहरण मागावर का नाही?

रुक्मिणीहरण ही आपल्या वऱ्हाडची गोष्ट. वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर, आणि कृष्णाने तिला अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून नेलं, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत असतं. कृष्णाचा तो रथ कॅलेंडरवर दिसतो, भिंतीवर दिसतो. विणलेल्या कापडावर मात्र मी अजून पाहिलेला नाही. आणि कापूस कुणाचा? आपलाच!

आसाममधे बघा. शंकरदेवांनी तिथे 'रुक्मिणीहरण' नाटक लिहिलं, आणि त्यांच्याच परंपरेतून कृष्णलीला रेशमात विणल्या गेल्या. तो 'वृंदावनी वस्त्र' नावाचा नऊ मीटरहून लांब पट १९०५ साली तिबेटमार्गे ब्रिटिश म्युझियममधे पोचला. त्यातलं चित्र रंगवलेलं नाही, भरलेलंही नाही. विणता विणता उमटलेलं आहे.

'आपल्याकडे ही कला कुठे?' असं कुणी म्हणेल. आहे की! पैठणीचा पदर बघा. मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या धाग्याने, आपल्या हद्दीपुरताच विणला जातो. हद्द आली की धागा शेजारच्या रंगात अडकून मागे फिरतो. युरोपात ग्रीक-रोमन पुराणांतले भलेमोठे प्रसंग याच तत्त्वावर विणले गेले. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक पिक्सेल हाताने भरायचा. ज्याला मोर जमतो त्याला रथाचा घोडा का जमू नये?

खरी अडचण सवयीची आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात लँकेशायरला कापूस कमी पडला, वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ मधे नागपूरपर्यंत रेल्वे झाली आणि अकोल्याकडच्या गाठी मुंबई बंदराकडे धावू लागल्या. तेव्हापासून आपण कापूस विकायला शिकलो. त्याच्या पुढची कमाई दुसऱ्यांची.

माझं मत असं: अमरावती-अकोल्याच्या नवरात्र मंडळांनी काही वर्षं फ्लेक्सचे पैसे बाजूला ठेवावेत आणि वऱ्हाडी सुतात रुक्मिणीहरणाचा एक पट येवल्याच्या विणकराकडून विणून घ्यावा. मजुरी महिन्याच्या हिशोबाने द्यावी, नगावर नको. महाग पडेल, वेळ लागेल, कबूल. डिजिटल प्रिंट एका दिवसात होईल, हेही कबूल. पण त्या प्रिंटने कुणाच्या हाताला काम मिळणार नाही, आणि नव्या पोराला मागावर बसावंसंही वाटणार नाही.

असो. रुक्मिणीने निदान स्वतः निरोप तरी धाडला होता. आपण कुणाची वाट बघतोय?