आधी रोकड मोजा, मग वजा करा

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये शेअर बाजाराचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, "अरे, कंपनीवर निव्वळ कर्ज शून्य आहे, डोळे झाकून घे." छोट्या कंपनीच्या बाबतीत माझं मत नेमकं उलटं आहे. निव्वळ कर्जाचा आकडा जितका छान, तितके डोळे उघडे ठेवावेत.

हिशोब तसा तिसरीच्या मुलालाही जमेल. एकूण कर्ज १०० कोटी, बँकेतली रोकड ६० कोटी, म्हणजे निव्वळ कर्ज ४० कोटी. रोकड जास्त असेल तर कंपनी 'निव्वळ रोकड' बाळगून आहे असं म्हणायचं. गोम इतकीच, की ती रोकड खरंच तिथे आहे असं आपण गृहीत धरतो.

इंग्लंडमधल्या 'पॅटिसरी व्हॅलरी'चं उदाहरण घ्या. केक-कॉफीची ही दुकानं चालवणारी कंपनी २०१४ साली लंडनच्या एआयएम या छोट्या कंपन्यांच्या बाजारात आली. मार्च २०१८ अखेरच्या सहामाही हिशोबात तिने २ कोटी ८८ लाख पौंड निव्वळ रोकड दाखवली. ऑक्टोबरमध्ये कंपनीनेच सांगितलं, की प्रत्यक्षात सुमारे ९८ लाख पौंड निव्वळ कर्ज आहे! संचालक मंडळाला पत्ता नसलेले ओव्हरड्राफ्ट निघाले. आणि गंमत बघा, इतकी 'रोकड' असताना साधारण ११ लाख पौंडांच्या करासाठी सरकारी करखातं तिच्या उपकंपनीविरुद्ध कोर्टात गेलं होतं. शेअरचे व्यवहार थांबवले गेले, त्यामुळे "पडला तर विकून टाकू" म्हणणाऱ्यांना विकताच आलं नाही. जानेवारी २०१९ मध्ये कंपनी बुडाली.

आपल्याकडे सत्यम आहेच. जानेवारी २००९ च्या त्या पत्रात ५,०४० कोटींची रोकड खोटी असल्याची कबुली होती.

मग आपण काय करायचं? वार्षिक अहवालाच्या शेवटच्या टिपा उघडायच्या. तीन गोष्टी बघायच्या.

१. रोकडीवर व्याज किती मिळालं? ६० कोटी वर्षभर ठेवीत असतील आणि व्याज जेमतेम ५० लाख दिसत असेल, तर पैसा होता कुठे?

२. व्याज किती भरलं? ३१ मार्चला कर्ज १०० कोटी आणि वर्षाचं व्याज १८ कोटी असेल, तर बहुधा वर्षभर कर्ज बरंच जास्त होतं. ताळेबंद म्हणजे एका दिवसाचा फोटो. फोटोसाठी सगळेच पोट आत घेतात :)

३. रोकड मोकळी आहे का? बँक गॅरंटीसाठी अडकवलेली मार्जिन मनी कर्ज फेडायला वापरता येत नाही.

प्रत्येक विसंगती म्हणजे घोटाळा नव्हे. पैसा उपकंपनीत असेल, वर्षाअखेरीस वसुली झाली असेल. पण ते कंपनीने सांगावं. उत्तर मिळेपर्यंत मी रोकड शून्य धरतो आणि फक्त एकूण कर्ज बघतो. यात एखादी चांगली कंपनी हातची जाईल, मान्य. पण मोठ्या कंपनीवर पन्नास विश्लेषकांची नजर असते. छोटीवर अनेकदा आपणच असतो.

कोड रिव्ह्यूमध्ये "माझ्या मशीनवर चालतंय" आपण ऐकून घेत नाही. मग आपल्या कष्टाच्या पैशाच्या बाबतीत का घ्यावं?