घोकलेला निबंध नको

आपली मुले निबंध लिहितात की गाईडातील उतारे घोकून उतरवितात, हे एकदा तपासा. १८५५ साली याच पुण्यातील जोतिराव फुले यांच्या शाळेतील मुक्ता या मांग विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखांविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला. तिने नुसते रडगाणे गायिले नाही. वेद केवळ आमचेच, हे ब्राह्मणांचेच विधान तिने उचलले आणि मग आम्ही धर्मग्रंथाविना आहोत, हा त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांच्यापुढे ठेवला. प्रतिपक्षाच्या कबुलीवर दावा उभारण्याची ही विद्या आम्हा वकिलांस विधि महाविद्यालयात शिकावी लागते! तेव्हा शिक्षकांना विचारा : मुलाच्या निबंधात विधान कोणते, पुरावा कोणता, विरोधकास उत्तर कोठे आहे? अलंकारिक भाषेलाच गुण देणाऱ्या मास्तरांस हे रुचणार नाही, तरीही विचारा.