ओली भिंत दुबळी का होते?

पावसाळा आला की वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास झळकते. कुठे घराची भिंत पडते, कुठे जुनी इमारत खाली बसते. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ रोजी धुवांधार पाऊस झाला आणि ३१ ऑगस्टला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली. ३३ माणसं प्राणाला मुकली. अशा दुर्घटनेला एकच कारण कधी नसतं. इमारतीचं वय, वरचा बोजा, रखडलेली दुरुस्ती, गंजलेलं लोखंड, कुजलेलं लाकूड... यादी मोठी असते. तरीही एक प्रश्न उरतोच. मे महिन्यात ठामपणे उभी असलेली भिंत ऐन पावसाळ्यातच मान का टाकते?

‘पाणी मुरलं म्हणून,’ असं उत्तर कुणीही देईल. ते चूकही नाही. पण मुरलेलं पाणी भिंतीच्या आत नेमकं करतं तरी काय?

वीट, दगड, काँक्रीट हे पदार्थ बाहेरून भरीव दिसतात, पण आत छिद्रांचं जाळं असतं. आपल्याकडच्या मानकानुसार साधी भाजलेली वीट चोवीस तास थंड पाण्यात बुडवून ठेवली, तर तिनं स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी पिता कामा नये. म्हणजे तीन किलोच्या, परीक्षेत पास झालेल्या विटेतही सहाशे ग्रॅमपर्यंत पाणी मावू शकतं! सिमेंटमधली छिद्रं तर कितीतरी बारीक. घट्ट झालेल्या एक ग्रॅम सिमेंटमधल्या या सूक्ष्म छिद्रांचा आतला पृष्ठभाग उलगडून पसरला, तर तो सुमारे दोनशे चौरस मीटर भरतो. चिमूटभर सिमेंटच्या पोटात दोन-तीन फ्लॅटची फरशी दडलेली असते म्हणा ना!

या अफाट पृष्ठभागावर पाण्याचे रेणू येऊन चिकटतात. पाणी छिद्रात नुसतं साठणं वेगळं आणि पृष्ठभागाला असं चिकटून बसणं वेगळं. या चिकटण्याला शास्त्रज्ञ ‘अधिशोषण’ म्हणतात. नव्या बुटांच्या खोक्यात निघणारी दाणेदार पुडी हवेतली वाफ धरून ठेवते, ती याच गुणामुळे. फरक इतकाच, की पुडीत हा गुण कामाला येतो आणि भिंतीत तो महागात पडतो.

तो महागात का पडतो, हे समजण्यासाठी पदार्थ तुटतो कसा ते पाहावं लागेल. इंग्रज अभियंता ग्रिफिथ यानं काचेवर प्रयोग करून १९२१ साली दाखवून दिलं, की पदार्थात आधीपासून असलेल्या बारीक भेगा वाढत जातात आणि त्यामुळेच तो तुटतो. भेग वाढते तेव्हा दोन नवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि ते उघडे करायला ऊर्जा खर्च होते. पदार्थातल्या कणांनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले असतात. ते सोडवायला जोर लागतो आणि हात रिकामे झालेले कण अस्वस्थ राहतात.

आता त्या भेगेत पाणी शिरलं तर? पाण्याचे रेणू पटकन पुढे होऊन कणांचे रिकामे हात धरतात. साहजिकच पहिली पकड सोडवणं सोपं जातं, कमी जोरात भेग पुढे सरकते. आजूबाजूचं द्रव्य असं पृष्ठभागाला चिकटून घन पदार्थाला दुबळं करतं, हे रशियन शास्त्रज्ञ रेबिंडर यानं १९२८ मध्ये मांडलं. आज हा परिणाम त्याच्याच नावानं ओळखला जातो.

हे केवळ कागदावरचं गणित नाही. दक्षिण आफ्रिकेत खाणींमधल्या दगडांवर झालेले प्रयोग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. कोरड्या दगडाचा नमुना जेवढा दाब सोसायचा, त्याच्या जवळपास निम्म्याच दाबाला पाण्यानं भिजलेला नमुना फुटला! काँक्रीटमध्ये हा फरक एवढा मोठा नसतो, साधारण दहा-वीस टक्क्यांचा असतो. गंमत म्हणजे काँक्रीट पाण्याऐवजी पॅराफिन तेलात बुडवलं तर त्याची ताकद घटत नाही, कारण ते तेल सिमेंटच्या सूक्ष्म छिद्रांना पाण्यासारखं चिकटत नाही. म्हणजे पदार्थ नुसता भिजला की दुबळा होतो असं नाही. तो कशानं भिजला, यावरही सारं अवलंबून असतं.

इथे कुणाच्याही मनात शंका येईल. पाणी इतकं वैरी असेल, तर नव्या स्लॅबवर गवंडी दिवसच्या दिवस पाणी का मारतो? त्याचं उत्तर सोपं आहे. ते पाणी सिमेंटशी रासायनिक क्रिया करून त्याला घट्ट करतं. म्हणूनच साध्या सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस, तर राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटच्या कामाला किमान दहा दिवस पाणी द्यायला सांगतात. बांधकामाआधी विटा भिजवायच्या त्याही याचसाठी. कोरडी वीट जोडाच्या मालातलं पाणी ओढून घेते आणि जोड कच्चा राहतो. थोडक्यात, बांधताना पाणी मित्र असतं. घर उभं राहिल्यावर तेच भिंतीत ठाण मांडून बसलं, की शत्रू होतं.

दुहेरी शत्रू म्हणायला हवं, कारण ओली भिंत दुबळी तर होतेच, शिवाय जडही होते. ताकद कमी आणि ओझं जास्त! धडधाकट भिंतीत ताकदीची शिल्लक असते, ती असे दहा पावसाळे सहज पचवते. जिची शिल्लक आधीच संपत आलेली असते, तिला मात्र हा एवढासा फरकही पुरतो.

त्यातल्या त्यात दिलाशाची बाब म्हणजे अधिशोषणानं गेलेली ताकद भिंत वाळली की बरीचशी परत येते. पण ओलेपणी वाढलेली भेग वाळल्यावर सांधली जात नाही. लोखंडावरचा गंज निघून जात नाही. क्षारांचे स्फटिक फुगून उडालेला विटेचा पापुद्रा पुन्हा बसत नाही. म्हणून ‘उन्हाळ्यात वाळेल की!’ म्हणत बसण्यात शहाणपणा नाही.

मग करायचं काय? सर्वात आधी पाणी येतं कुठून ते शोधावं. गच्चीतली भेग, न्हाणीघराचा गळका नळ, फुटका सांडपाण्याचा पाइप, भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप, ही नेहमीची चोरदारं. ती बंद न करता ओल्या भिंतीवर ऑइलपेंट फासला, तर डाग तेवढा झाकतो आणि पाणी आत कोंडून राहतं. आधी गळती थांबवावी, भिंत वाळू द्यावी, मगच रंगाचा विचार करावा.

भेग दिसली तर तिच्या टोकाशी पेन्सिलनं खूण करून तारीख लिहावी. पंधरा दिवसांनी भेग खुणेपुढे गेलेली दिसली, तर गवंड्यावर न थांबता स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवावं. मुंबईत तर तीस वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी कायद्यानं बंधनकारक आहे.

आणि ऐन पावसात दार अचानक घट्ट बसू लागलं, प्लास्टरचे तुकडे पडू लागले, भिंतीतून कडकड आवाज आला, तर सामानाचा मोह न धरता आधी माणसं बाहेर काढावीत. भिंत पुन्हा बांधता येते.