पाहून आलेल्याचा शब्द

‘कसा आहे?’ या प्रश्नाला थिएटरातून बाहेर पडणारा प्रेक्षक जे दोन वाक्यांत उत्तर देतो, ते मराठी चित्रपटाचे मोठे भांडवल. केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला. मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने उलगडणारी सहा बहिणींची ही गोष्ट. पाहून आलेल्या बायकांनी ती शेजारणींना, भिशीतल्या मैत्रिणींना, जावा-नणंदांना सांगितली. मग नऊवारी नेसून, नथ घालून बायका गटागटाने थिएटरात आल्या. यात आपलीच गोष्ट आहे, एवढी शिफारस त्यांना पुरली.

पण अशी शिफारस पसरायला दिवस लागतात. पहिल्याच सोमवारी खेळ कमी झाले किंवा नोकरदारांना न जमणाऱ्या दुपारच्या वेळेवर ढकलले गेले, तर ती ऐकून निघालेल्या प्रेक्षकाने जायचे कुठे? मराठी चित्रपटांना निदान दोन आठवडे सोयीच्या वेळा मिळायलाच हव्यात. प्रेक्षकांनीही एक पथ्य पाळावे. ट्रेलरवरून निकाल देऊ नये. चित्रपट पाहावा, आवडला-नावडला ते मोकळेपणाने, कारणासह सांगावे. शेवट मात्र सांगू नये.