तिसऱ्या खेपेलाही दार उघडा

मयूर विहारातल्या आपल्या मराठी बिऱ्हाडांना एक विनंती आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा माणूस घरी येऊन गेला, कोण काय काम करतं ते लिहून घेऊन गेला आणि महिन्याभराने पुन्हा बेल वाजवू लागला, तर ‘एकदा सांगितलं ना सगळं’ म्हणून त्याला परत पाठवू नका. या कामात पहिल्या खेपेइतकीच पुढच्या तीन खेपांनाही किंमत आहे.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या श्रमबल सर्वेक्षणात शहरातल्या निवडलेल्या कुटुंबांकडे तिमाहीला एकदा, असं चार वेळा जात असत. जानेवारी २०२५ पासून शहरात आणि खेड्यातही लागोपाठ चार महिने जातात. वर्षाला सुमारे २ लाख ७२ हजार कुटुंबं. त्याच त्या घरांच्या अशा पुन्हा पुन्हा घेतलेल्या नोंदींना अर्थशास्त्रात पॅनेल डेटा म्हणतात.

समजा, शंभर जणांमध्ये मार्चमध्ये पाच बेकार होते आणि एप्रिलमध्येही पाचच. दर वेळी वेगळी माणसं विचारली, तर काहीच बदललं नाही असं वाटतं. पण ते पाच जण तेच असतील, तर त्यांना काम मिळतच नाही. पाचही नवे असतील, तर काम मिळतं पण टिकत नाही. दोन्ही दुखणी वेगळी, त्यांचे उपायही वेगळे. शिवाय नोकरी गेल्यावर घरखर्च किती आवळावा लागतो, हे शेजारच्या घराशी तुलना करून नीट कळत नाही. त्यांची काटकसर निराळी, गावाकडची जमीन निराळी. एकाच घराचं आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं, की न बदलणाऱ्या या गोष्टी हिशेबातून आपोआप गळतात. मधल्या काळात घरात आजारपण आलं असेल तर ते मात्र गळत नाही, म्हणून तेही विचारावं लागतं.

या पद्धतीचं मोल जगाला ज्या गावांनी दाखवलं, त्यांत आपली गावं आहेत, याचा मला अभिमान वाटतो. १९७५ मध्ये इक्रिसॅट या संस्थेने सहा कोरडवाहू गावं निवडली. त्यांतली चार महाराष्ट्रातली: सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा. दर गावात चाळीस घरं, भूमिहीन मजुरांचीही. नोंदी घेणारे गावातच राहत आणि वर्षानुवर्षं त्याच उंबऱ्यांवर जात. या वह्यांवरून अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की एखाद्या घराचं उत्पन्न बुडालं तरी त्याचं खाणंपिणं तेवढं खाली जात नाही; गाव सावरून घेतं. पण सगळ्या गावाचाच पाऊस हुकला तर? रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांनी १९८९ मध्ये मांडलं, की लेकी लांबच्या गावी दिलेल्या घरांना वाईट वर्ष कमी झोंबतं, कारण तिकडचं आभाळ वेगळं असतं. सोयरिकीमागचा हा हिशेब एका भेटीत कुणाला सापडला नसता.

दिल्लीतही याचा उपयोग झाला. एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी जाणं अशक्य होतं, तेव्हा यमुनेपलीकडच्या इंद्रप्रस्थ इस्टेटमधल्या एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेने राजधानी परिसरातल्या, आधीच्या पाहण्यांमध्ये भेटलेल्या कुटुंबांना फोन केले. जुनी ओळख होती म्हणूनच ते जमलं.

अडचण आपल्यासारख्यांच्या सोसायट्यांमध्ये जास्त येते. गार्ड गेटवरच थांबवतो, फ्लॅटला दिवसभर कुलूप असतं. मधूनच गळणारी घरं बहुतेक वेळा एकसारखी असतात: दोघंही नोकरी करणारी, भाड्याने राहणारी, सारखी बदली होणारी. ती गळली की उरलेल्या आकड्यांत त्यांची दुनियाच दिसत नाही.

म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी गार्डला सांगून ठेवावं. ओळखपत्र जरूर तपासा. ओटीपी, बँकेचा पिन कुणी मागितला तर दार लावून घ्या; सर्वेक्षणाला त्याची गरजच नसते. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्यानुसार तुमची ओळख उघड करता येत नाही.

उत्तर शक्यतो ज्याचं त्याने द्यावं. सूनबाई शिकवण्या घेत असतील, डबे करून देत असतील, तर ‘ती घरीच असते’ असं सासऱ्यांनी सांगून टाकू नये. गेल्या सात दिवसांत एक तासही कमाईचं काम केलं असेल, तर ते काम धरलं जातं. मागच्या महिन्यात वेगळं सांगितलं होतं म्हणून या महिन्यात जुळवून सांगू नका. झालेला बदलच तर टिपायचा आहे. आणि मधेच नोएडाला किंवा पुण्याला बिऱ्हाड हलवणार असाल, तर आलेल्या माणसाला तसं आधी सांगून ठेवा. बंद घर आणि हललेलं घर या दोन वेगळ्या नोंदी आहेत.