पायातील चप्पल आणि मनातील न्यूनगंड

जून 2025 मध्ये मिलान येथील फॅशन सोहळ्यात प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरी घाटाच्या चपला झळकल्या. कंपनीच्या लेखी त्या केवळ चामड्याच्या सँडल होत्या. ना कोल्हापूरचा उल्लेख, ना भारताचा. महाराष्ट्रात संताप उसळला आणि तो रास्तच होता. पुढे कंपनीने या घाटाचे मूळ भारतीय असल्याचे मान्य केले, तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात येऊन गेले आणि डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. सुमारे 2,000 जोड, किंमत जोडामागे 800 युरोंच्या आसपास, असे तेव्हा जाहीर करण्यात आले. आपण जिंकलो, अशी भावना सर्वत्र पसरली.

खरोखरच जिंकलो काय?

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. (राज्यांच्या सीमावादात कारागिरी अडकली नाही, हे समाधान!) परंतु हे संरक्षण आहे ते नावाला, घाटाला नव्हे, आणि तेही भारताच्या सीमेपुरते. नाव न घेता घाट उचलणाऱ्याला ते रोखू शकत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात वाइन आणि मद्य यांना कलम 23 अन्वये जादा संरक्षण आहे. अन्य वस्तूंना मात्र ग्राहकाची दिशाभूल झाली तरच दाद मागता येते. शॅम्पेनला एक न्याय आणि पैठणीला दुसरा! हे जादा संरक्षण सर्व वस्तूंना मिळावे, अशी भारताची जुनी मागणी आहे. जागतिकीकरण म्हणजे समान मैदान, असे सांगणाऱ्यांनी हे कलम अवश्य वाचावे.

तथापि सारा दोष परक्यांच्या माथी मारून मोकळे होणे आत्मवंचना ठरेल. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, कापशी, पुकरी, बक्कलनाळी असे गावांची आणि हातांची आठवण सांगणारे प्रकार, हे सारे ज्यांनी जपले त्या ढोर आणि चर्मकार बांधवांना आपण काय दिले? ज्या हातांनी आपल्या पायांची लाज राखली, त्या हातांचा स्पर्श आपल्याच समाजाने शतकानुशतके विटाळ मानला. राजर्षी शाहू महाराजांसारखा एखादाच राजा या हातांच्या पाठीशी उभा राहिला. चपलेचा अभिमान आणि चपला शिवणाऱ्याची उपेक्षा, या दोन गोष्टी एकाच मनात सुखाने नांदत आल्या आहेत. मिलानमधील अनुल्लेखाने आपण दुखावलो. येथील अनुल्लेख आपल्याला कधी बोचला नाही.

आणि बाजाराचे काय? यंत्रावर कापलेल्या, रेक्झिन वा रबर लावलेल्या चपला 'कोल्हापुरी' म्हणून राजरोस विकल्या जातात आणि स्वस्त म्हणून आपणच त्या घेतो. हातशिवणीच्या जोडाला हजार-दीड हजार रुपये मोजताना घासाघीस करणारा मध्यमवर्ग परदेशी बुटांच्या दुकानात मात्र छापील किमतीपुढे मान तुकवतो. जागतिकीकरणाने आपली वस्तू पळवली हे अर्धे सत्य झाले; तिचे मोल ठरविण्याचा अधिकार तर आपण स्वखुशीने देऊन टाकला होता. युरोपात पायात चढली तेव्हा कुठे ती आपल्याला 'वारसा' वाटू लागली.

महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने आता अस्सल जोडावर क्यूआर संकेताची सोय केली आहे. मोबाइल त्यावर धरला की तो कोणी, कोठे घडवला हे कळते. मिलानला जाब विचारणाऱ्यांपैकी किती जण दुकानात तो संकेत मागतात?