वकिलीचा अभ्यास एकट्याचा नव्हे, घराचा



मूल वकिलीला गेले की आपल्या घरात केवढा आनंद होतो! आई शेजारीपाजारी साखर वाटते, वडील कामावर चार जणांना सांगतात. पहिले सत्र संपते, निकाल लागतो, दोन-तीन विषयांत केटी लागलेली असते. मग फोनवरचे बोलणे कमी होते. दुसऱ्या वर्षी मूल म्हणते, "आता काहीतरी नोकरी बघतो, वकिलीचे नंतर बघू." हे 'नंतर' फार थोड्यांच्या आयुष्यात उगवते. मूल हुशार नव्हते असे आपण समजतो. परंतु पुष्कळदा खरे कारण वेगळे असते. अभ्यासाचे ओझे किती आहे हे ना मुलाने मोजलेले असते, ना घराने. म्हणून या आठवड्यात त्या ओझ्याविषयी बोलू या.

प्रथम ओझे किती ते पाहू. पदवीनंतरचा कायद्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, म्हणजे सहा सत्रांचा. बारावीनंतरचा पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा. त्यात करार, संविधान, कुटुंब कायदा, गुन्हे, पुरावा, मालमत्ता, कामगार कायदे असे कितीतरी विषय येतात. एकट्या दिवाणी प्रक्रिया संहितेत १५८ कलमे आणि ५१ आदेश आहेत. शिवाय चार विषय हातांनी करायचे असतात. दावे व दस्तऐवज लिहिणे, वकिलीची नीती, तडजोडीचे मार्ग, आणि मूट कोर्ट, म्हणजे कॉलेजातच भरवलेले सरावाचे कोर्ट. यात एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष कोर्टात बसून पाहावा लागतो व त्याची नोंद ठेवावी लागते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे वकिलाकडे किंवा संस्थेत उमेदवारीही करावी लागते.

आता श्रीवर्धनच्या एखाद्या मुलीचा विचार करा. कायद्याचे कॉलेज जवळ नाही. अलिबागला आहे, पनवेलला आहे, मुंबईत आहेत. रोज एस.टी.ने जाऊन येण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे मुंबईला काकांच्या खोलीवर किंवा वसतिगृहात राहणे आले. वडील नारळी-पोफळीच्या वाडीत मजुरीला जातात, आई मासळी विकते किंवा भातलावणीला जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने याच वाड्या आडव्या केल्या, तेव्हा मजुरीवरच्या घरांची मिळकत एका दिवसात थांबली. अशा घरातल्या मुलीला पुस्तकाचे ओझे आणि पैशाचे ओझे एकाच खांद्यावर वाहावे लागते.

अशा वेळी आपण मुलांना बाबासाहेबांचे उदाहरण देतो. "बाबासाहेब किती शिकले बघ, आणि तुला एवढे जमत नाही?" उदाहरण बरोबर आहे, परंतु ते धाक दाखवण्यासाठी वापरू नये. बाबासाहेबांचे बॅरिस्टरीचे शिक्षण कसे झाले ते नीट पाहा. १९१६ मध्ये त्यांनी लंडनला ग्रेज इनमध्ये नाव घातले. त्याच वेळी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू केला. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि सगळे अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. परंतु येताना त्यांनी पुन्हा जाऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि मग मुंबईत वकिली.

यातून काय दिसते? अभ्यास मध्येच थांबला होता. पैसा संपला होता. परंतु परत येण्याचे दार त्यांनी उघडे ठेवले होते. जागरणाच्या गोष्टी आपण ऐकतो, पण आपल्या मुलांच्या कामाची खरी शिकवण ही आहे. केटी लागली म्हणजे शिक्षण संपले असे नाही. एक सत्र मागे पडले तरी दार बंद करू नये. नाव काढून घेण्यापूर्वी कॉलेजात विचारावे, पुन्हा परीक्षेचा अर्ज केव्हा भरायचा ते लिहून आणावे.

आता ओझे हलके कसे करायचे ते पाहू.

पहिली गोष्ट हजेरीची. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी सांगितली आहे. एका विषयाचे ६० तास झाले तर ४२ तासांना बसले पाहिजे, १८ तास हातात राहिले. हे १८ तास घरच्या दाणागोट्यासारखे जपून वापरावेत. आजारपण, घरची लावणी, सख्ख्या बहिणीचे लग्न यासाठी ते ठेवावेत. सत्राच्या सुरुवातीला झोप आली म्हणून दहा तास घालवले, तर शेवटी आई आजारी पडली तेव्हा एकही तास शिल्लक राहत नाही.

दुसरी गोष्ट उमेदवारीची. एका वर्षात ती सलग चार आठवड्यांहून अधिक चालत नाही, असा नियम आहे. म्हणजे शेवटच्या वर्षी १२ आठवडे एकदम उरकू म्हटले तर ते जमणार नाही. दरवर्षी सुट्टीत चार आठवडे करावेत, तीन वर्षांत हिशेब पुरा होतो. आणि त्यासाठी मुंबईतच राहिले पाहिजे असे थोडेच आहे? श्रीवर्धनला दिवाणी व फौजदारी न्यायालय आहे. सुट्टीत घरी आल्यावर तालुक्याच्या वकिलाकडे बसता येईल का, हे कॉलेजला आधी विचारून घ्यावे. न्यायालयाचे कामकाज उघडपणे चालते, मागच्या बाकावर बसून ते पाहता येते. खोलीचे भाडे वाचते, घरचे जेवण मिळते आणि आपल्या माणसांच्या जमिनीचे, वाटणीचे, पोटगीचे तंटे कसे चालतात ते समजते.

तिसरी गोष्ट जुन्या पुस्तकांची. पैसे वाचावेत म्हणून आपण मावसभावाची पुस्तके आणतो. आणावीतच. परंतु एक ध्यानात ठेवावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. दंड संहितेची ५११ कलमे होती, न्याय संहितेची ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले. जुने गाईड पाठ करून परीक्षेला गेलेला विद्यार्थी येथे फसतो. या तीन कायद्यांची नवी मूळ पुस्तके, ज्यांना विद्यार्थी बेअर अ‍ॅक्ट म्हणतात, ती मात्र विकतच घ्यावीत. जुनी पुस्तकेही टाकू नयेत, कारण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच दंड कायदा लागतो आणि असे खटले अजून कोर्टात चालू आहेत. वहीच्या एका पानावर डावीकडे जुने कलम आणि उजवीकडे नवे कलम, असा तक्ता स्वतःच्या हाताने करावा.

चौथी गोष्ट निकालपत्रांची. शंभर पानांचे निकाल वाचता वाचता मुले थकतात. त्यावर उपाय पाच ओळींचा. पक्षकार कोण, तंटा काय, न्यायालयापुढे प्रश्न कोणता, निकाल काय, कारण काय. याचा सराव आपल्याच जिल्ह्यातल्या खटल्यावर करू या. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ मध्ये झाला हे आपल्या घरातले लहान मूलही सांगेल. परंतु त्यानंतर चाललेला दावा किती जणांना ठाऊक आहे? पक्षकार : नरहरी दामोदर वैद्य आणि इतर, विरुद्ध डॉ. आंबेडकर आणि इतर. तंटा : तळे आमचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न घेण्याची जुनी रूढी आहे, असे वादी म्हणत होते. प्रश्न : अशी अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झाली का? निकाल : नाही, मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी वादींचे अपील फेटाळले. कारण : रूढीचा पुरेसा पुरावा नव्हता. झाल्या पाच ओळी! डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झालेला हा दावा महाड, ठाणे आणि मुंबई अशा तीन पायऱ्या चढला आणि नऊ वर्षांहून अधिक चालला. वकिलीच्या विद्यार्थ्याने धीर म्हणजे काय ते येथून शिकावे.

पाचवी गोष्ट भाषेची. मराठी माध्यमातून आलेले मूल पहिल्या महिन्यात इंग्रजी ऐकूनच खचते. परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतील का, हे पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या कार्यालयात विचारावे. आपल्या तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, हेही विसरू नये. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजी लागते, म्हणून ती सोडूनही चालणार नाही. रोज एक कलम इंग्रजीत वाचावे आणि तेच मराठीत आईला समजावून सांगावे. आईला समजले तर मुलाला समजले असे खुशाल धरावे.

आता घरच्या मंडळींना दोन शब्द. सत्राच्या परीक्षा पुष्कळदा हिवाळ्यात आणि एप्रिल-मेमध्ये येतात. म्हणजे ६ डिसेंबर, १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा नेमकी अभ्यासाच्या दिवसांत. कायदा शिकणारा मुलगा म्हटला की जयंती मंडळ त्यालाच वर्गणीची पावतीपुस्तके देते, भाषणही त्यानेच करायचे असते. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी त्या वर्षी त्याला एकच काम द्यावे आणि बाकीचे दुसऱ्यांनी उचलावे. जयंती दरवर्षी येते, त्या सत्राची परीक्षा चुकली तर सहा महिने जातात.

मुंबईच्या काका-काकूंनीही मनावर घ्यावे. पुतणी घरी राहते तर तिने कामाला हात लावावा, हे रास्तच आहे. परंतु कोणते काम आणि किती वाजेपर्यंत, ते पहिल्याच दिवशी ठरवावे. सकाळची भांडी तिची असतील तर रात्रीचे दोन तास तिच्या पुस्तकाचे, आणि त्या दोन तासांत टी.व्ही.चा आवाज बारीक. मुलगा राहत असेल तर त्यालाही हाच नियम लावावा. भांडी फक्त पुतणीने घासायची, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही!

पैशाचेही सांगितले पाहिजे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला, पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. बौद्धांना या सवलती केंद्राच्या १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र प्रवेशाच्या आधीच तयार ठेवावे, कारण ऐन अभ्यासात तहसील कार्यालयाच्या फेऱ्या मारण्यात आठवडे जातात. या फेऱ्या वडिलांनी किंवा मोठ्या भावाने माराव्यात. पुढे सनद घेताना राज्य बार कौन्सिलने कायद्यात ठरलेल्यापेक्षा अधिक नोंदणी शुल्क घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी सांगितले आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी ते १२५ रुपये आहे, इतरांसाठी ७५० रुपये. "सनदेला हजारो रुपये कुठून आणू" या भीतीने कोणी मागे फिरू नये. त्यानंतरची बार परीक्षा शंभर प्रश्नांची असते, ती मराठीतूनही देता येते आणि टिपणे नसलेला बेअर अ‍ॅक्ट जवळ ठेवू देतात. ज्याने पहिल्या वर्षापासून मूळ कायदा हाताळला, त्याला ती जड जात नाही.

पालकांनो, मुलाला "किती मार्क पडले" एवढेच विचारू नका. "या आठवड्यात काय राहिले?" असे विचारा. दर रविवारी अर्धा तास ही चौकशी करा. काय वाचून झाले, काय राहिले, कोणत्या कामात घराने हात द्यायचा, तीन रकाने कागदावर आखा आणि तो कागद भिंतीला लावा. बापाला वाचता येत नसेल तर धाकट्या मुलीने वाचून दाखवावे. राहिलेले काम सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असले की ते एकट्याच्या छातीवर बसत नाही.

येत्या रविवारीच ते तीन रकाने आखा.

जयभीम.